थंडीत उंदीर घरात का येतात, आणि नेमके कोणत्या फटीतून?

दिवाळीचा फराळ संपत येतो, माळ्यावरून स्वेटर आणि गोधड्या खाली उतरतात आणि साधारण त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो : "कुणाकडे उंदराचा पिंजरा आहे का?" दोन दिवसांत कळतं की दुसऱ्या मजल्यावर ट्रॉलीत लेंड्या सापडल्या आहेत, खालच्या काकांच्या गाडीची वायर कुरतडली आहे आणि आमच्या शेजारच्या आजींच्या देवघरातली तेलवात रोज रात्री नाहीशी होते आहे. कुणी विषाची वडी आणतं, कुणी चिकट पुठ्ठा. पंधरा दिवस शांततेत जातात. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा खुडबुड सुरू.

पुण्यात राहून गेली कित्येक वर्षं मी हेच चक्र पाहते आहे. उंदीर मारण्यावर घराघरांत एवढा पैसा आणि त्रास खर्च होतो, आणि ज्या भोकातून तो आला ते भोक मात्र तसंच राहतं. माझं सगळं म्हणणं त्या भोकाबद्दल आहे.

आधी ओळख : आलंय कोण?

मराठीत आपण दोन वेगवेगळ्या प्राण्यांना एकच शब्द वापरतो : उंदीर. तिथूनच गोंधळाला सुरुवात होते, कारण दोघांच्या सवयी वेगळ्या आणि त्यामुळे उपायही वेगळे.

पहिला लहान उंदीर. शेपूट सोडली तर करंगळीपेक्षा थोडा मोठा, वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. कपाटात, ट्रॉलीच्या मागे, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात तो घर करतो आणि घरातच पिढ्या काढतो. दुसरा मोठा उंदीर. अंगापेक्षा शेपूट लांब, दीडदोनशे ग्रॅमचा, चढण्यात पटाईत. पाइप, केबल, झाडाची फांदी, कौलं असा वरच्या वाटेने तो येतो. त्याच्याखेरीज घूस असते. ती जमीन पोखरते, पायऱ्यांशेजारी आणि कंपाउंडच्या भिंतीलगत मातीचे उकीर काढते. क्वचित घरात शिरते, पण तिचा धंदा मुख्यतः पायाखाली चालतो. मुंबईसारख्या बंदराच्या शहरांत गटारांमधून फिरणारा तपकिरी उंदीरही आहे. तो उत्तम पोहतो.

आणि चिचुंद्री? लांब नाकाची, उग्र वासाची, भिंतीच्या कडेने चुकचुक करत पळणारी. ती उंदरांच्या कुळातली नाहीच. तिचे दात कुरतडण्याचे नसतात, ती झुरळं आणि किडे खाते. तिला दार उघडून बाहेर जाऊ द्यावं, तिच्यावर विष वाया घालवू नये.

समोर न येणाऱ्या पाहुण्याची ओळख पटते ती लेंड्यांवरून. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या, टोकदार आणि खूप असतील तर लहान उंदीर. तो दिवसाला ५० ते ७५ लेंड्या टाकतो, त्यामुळे एकच असला तरी दहा असल्यासारखं वाटतं. शिजलेल्या बासमतीच्या शितासारख्या लांब, मधे फुगीर असतील तर मोठा उंदीर. दुसरी खूण भिंतीवर असते. उंदराची नजर कमजोर असते, मिशा भिंतीला घासत तो कडेकडेने चालतो. रोज त्याच वाटेने गेल्यामुळे अंगाचं तेल आणि मळ लागून तिथे काळपट चकचकीत पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला की समजावं, हा त्याचा रस्ता.

थंडीतच का?

आमटी वाटीत वाढली की लवकर निवते, पातेल्यात तशीच ठेवली की बराच वेळ गरम राहते. लहान अंग म्हणजे वाटी. आतली उष्णता थोडी आणि ती निसटायला पृष्ठभाग त्या मानाने जास्त. १५ ग्रॅमच्या उंदराला अंग गरम ठेवायचं तर रोज तीनेक ग्रॅम खावं लागतं, म्हणजे वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं. ६० किलोच्या माणसाने रोज १२ किलो जेवण्यासारखं हे आहे. त्यामुळे रात्रीचा पारा उतरला की उंदराला दोन गोष्टी लागतात : उबदार कोपरा आणि जवळ अन्न. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी या दोन्ही एकाच जागी मिळतात.

पण "थंडी पडली म्हणून आले" हे निम्मंच उत्तर झालं. आपल्याकडे शेताचं कॅलेंडर तितकंच महत्त्वाचं आहे. पावसाळ्याच्या अखेरीला शेतात दाणा भरतो, खायला मुबलक असतं आणि उंदरांची वीण जोरात होते. मग दसरा-दिवाळीच्या आगेमागे भात कापला जातो, बाजरी खुडली जाते, सोयाबीन निघतं. म्हणजे उंदरांची संख्या वर्षातली सगळ्यात मोठी असताना त्यांचं ताट एकदम उचललं जातं. भोरकडे भातशेती करणारे माझे मामा म्हणतात, "शेत मोकळं झालं की त्यांचंही बिऱ्हाड हलतं." धान्य ज्या घरात गेलं त्या घरामागोमाग ते येतात. शहराच्या कडेला जिथे कालपर्यंत शेत होतं आणि आज इमारत आहे, तिथेही हेच घडतं.

मुंबईत आणि कोकणपट्टीत खरी थंडी पडत नाही, तरी तिथे उंदीर कमी नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तिथे अन्न आणि उकिरडे बाराही महिने असतात. पावसात बिळांत पाणी शिरतं, म्हणून घरात घुसण्याचा मोठा हंगाम तिथे जून ते सप्टेंबर. घाटावर तो नोव्हेंबर ते जानेवारी. वाटा मात्र दोन्हीकडे त्याच.

पेन्सिल गेली, म्हणजे उंदीर गेला

लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. शाळेतली पेन्सिल घ्या, ती ज्या भोकात सहज जाते त्यातून तो आत येऊ शकतो. मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटर लागतात, म्हणजे करंगळी जाईल एवढं. त्याची हाडं रबरासारखी असतात असं लोक म्हणतात, ते खरं नाही. अंग लवचीक असतं, मानेखालची हाडं माणसाच्या खांद्यासारखी आडवी अडत नाहीत, त्यामुळे जिथे कवटी शिरली तिथे बाकीचं अंग ओढून घेता येतं.

आणि फट थोडी लहान असेल तर तो ती मोठी करतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, मोठ्या उंदराचे वर्षाला १० सेंटीमीटरहून जास्त. दाताच्या पुढच्या बाजूलाच कठीण आवरण असतं आणि त्यात लोह असल्यामुळे ते पिवळं-नारिंगी दिसतं. मागची बाजू मऊ. कुरतडताना मागची बाजू आधी झिजते आणि पुढे धारदार कड उरते. सुताराची पटाशी अशीच असते, फरक एवढाच की ही पटाशी वापरता वापरता स्वतःला धार लावते. लाकूड, प्लॅस्टिक, थर्माकोल, रबर, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, भुसभुशीत प्लास्टर, सगळं तिच्यापुढे हरतं. चांगलं घट्ट काँक्रीट, काच आणि पोलाद टिकतं.

गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात जिऱ्यासारख्या लेंड्या दिसल्या तेव्हा मी सिंकखालची ट्रॉली पूर्ण बाहेर काढली. घर घेतल्यापासून ती कधी निघाली नव्हती. टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाले. सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथे प्लंबरने पाइपाच्या दुप्पट आकाराचं भोक पाडलं होतं आणि ते पांढऱ्या सिमेंटने लिंपलं होतं. वरून टाइलसारखं गुळगुळीत दिसणारं ते लिंपण खालच्या बाजूने पूर्ण पोखरलेलं होतं. कडेला पांढरी भुकटी, दोन शेंगदाण्याची टरफलं आणि भांडी पुसायच्या फडक्याच्या चिंध्यांचा मऊ गोळा. भोकाला हात लावला तर आतून गार वारा आला. तो वारा पलीकडच्या डक्टमधून, म्हणजे इमारतीचे पाइप ज्या उभ्या पोकळीतून जातात तिथून, येत होता. तो वारा हाताला लागला तेव्हा मला खरं कळलं की माझं स्वयंपाकघर बाहेरच्या जगाला उघडं आहे.

अशा जागा बहुतेक घरांत ठरलेल्या असतात. सिंक आणि बेसिनचे पाइप, पाइपने येणाऱ्या गॅसचं भोक, एसीचा पाइप, वॉशिंग मशीनची नळी, इंटरनेटच्या केबलसाठी पाडून तसंच सोडलेलं छिद्र, एक्झॉस्ट फॅनची पाती. दाराखालची फट तर इतकी डोळ्यांसमोर असते की दिसतच नाही. रात्री घरातले दिवे मालवून जिन्यातला दिवा लावा, दाराखालून जेवढा उजेड आत येतो तेवढी वाट उघडी आहे. न्हाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूममधलं पाणी जिथून वाहून जातं त्या भोकावरची, जाळी तुटली असेल किंवा न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममधला ट्रॅप कोरडा पडला असेल, तर तीही वाट. कौलारू घरात भिंत आणि वासे जिथे मिळतात ती जागा आणि छपराला टेकलेली आंब्याची किंवा शेवग्याची फांदी आधी पाहावी. नायलॉनची मच्छरजाळी डासांसाठी आहे. उंदीर ती एका रात्रीत फाडतो.

कशाने बुजवायचं?

कागद, कापूस, फोम, सिलिकॉन यांतलं काहीही एकटं वापरलं की आठवड्याभरात कुरतडलं जातं. स्वयंपाकघरातलीच एक वस्तू इथे सगळ्यात उपयोगी पडते : भांडी घासायची तारेची घासणी. गंज न धरणारी, स्टीलची घ्यावी. ती भोकात ठासून कोंबायची आणि वरून सिमेंट-वाळू किंवा दोन गोळे मळून लावतात ती घट्ट पुट्टी भरायची. कुरतडायला गेलं की तारा हिरड्यांत टोचतात. गावाकडे फुटक्या काचांचा चुरा मातीत किंवा सिमेंटमध्ये कालवून बिळं बुजवत आले आहेत, त्यामागे हाच विचार आहे. मात्र चुरा कालवताना हातमोजे हवेत आणि ज्या जागी मुलांचा हात पोहोचतो तिथे काच नको.

मोठ्या झरोक्यांना ६ मिलिमीटरहून लहान भोकांची लोखंडी जाळी, दाराला खालून पत्र्याची पट्टी, लाकडी चौकट कुरतडलेली असेल तर तिलाही पत्रा. बाहेरच्या पाइपांसाठी कोकणातल्या माडांकडे पाहावं. खोडाभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला असतो, कारण उंदराच्या नख्यांना पत्र्यावर पकड मिळत नाही. बंदरात लागलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर गोल तबकड्या बसवतात त्याही याचसाठी. इमारतीच्या उभ्या पाइपाला तसाच पत्र्याचा पट्टा बसवता येतो. मोठा उंदीर उभ्या उभ्या ६० सेंटीमीटरहून वर उडी घेऊ शकतो, म्हणून पट्टा जमिनीपासून निदान एक मीटर उंचीवर हवा आणि पुरेसा रुंद हवा.

घाई मात्र करू नये. उंदीर आत असताना सगळी भोकं बुजवली तर तो आतच अडकतो, नवीन ठिकाणी कुरतडतो किंवा भिंतीत मरून कुजतो. आधी चालती वाट ओळखावी. संशय असलेल्या प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसा बसवायचा. सकाळी जो बोळा ढकललेला किंवा फाडलेला दिसेल तो चालता रस्ता. शेजारी जमिनीवर चिमूटभर पीठ पसरलं तर पावलंही उमटतात. चालती नसलेली भोकं आधी बंद करावीत, आत पिंजरे लावावेत, आणि सलग तीन-चार रात्री बोळा जागचा हलला नाही की शेवटचं भोक बुजवावं.

त्यांचं जेवण बंद

उंदराला कोठीभर धान्य लागत नाही. गॅसच्या शेगडीखाली सांडलेलं खोबरं, सिंकमधल्या खरकट्या ताटल्या, कुत्र्याच्या वाटीत रात्रभर राहिलेलं खाणं, झाकण नसलेला कचऱ्याचा डबा, देवापुढचा नैवेद्य यांवर तो सुखाने जगतो. तेलात भिजलेली वात त्याच्या दृष्टीने खाऊच आहे. पेटती वात ओढून नेली तर घराला आग लागू शकते, म्हणून निजण्याआधी निरांजन शांत करून वाती झाकून ठेवाव्यात. हे मी आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी काचेची हंडी आणली.

धान्य पत्र्याच्या कोठीत किंवा स्टीलच्या डब्यात. प्लॅस्टिकच्या डब्याची कड एकदा कुरतडली गेली की आतला सगळा माल टाकण्याच्या लायकीचा होतो. उंदीर खातो त्याहून कितीतरी जास्त धान्य मूत आणि लेंड्यांनी नासवतो. गावाकडे पोती जमिनीवर आणि भिंतीला चिकटून रचू नयेत. खाली फळी आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवलं की मागचं दिसतं आणि उंदराची कडेकडेची वाट मोडते.

सरळ मारूनच टाकले तर?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि ज्यांच्या पोत्यांचं नुकसान झालंय त्यांचा रागही मला समजतो. पण हिशेब करून पाहा. लहान उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच ते आठ पिल्लं, आणि पिल्लं झाल्या झाल्या ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं सहा आठवड्यांत वयात येतात. दिवाळीला एक जोडी आत शिरली तर संक्रांतीपर्यंत पहिल्या वेतातल्या माद्या स्वतः गाभण असतात.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४०च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास झाला. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की वस्तीतले उंदीर मोठ्या प्रमाणात मारले तरी उरलेले जोमाने वितात आणि काही महिन्यांत संख्या पहिल्यासारखी होते. जिथे कचरा आणि आडोसे कमी केले तिथे मात्र संख्या खाली आली आणि खालीच राहिली. खोली रिकामी झाली आणि भाडं तेच असलं की नवा भाडेकरू येतोच. खोलीच बंद केली तर येणार कुठे?

मुंबई महापालिकेकडे रात्रपाळीत काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारणारे कर्मचारी आहेत. अंधाऱ्या गल्ल्यांत फार कष्टाचं काम ते करतात. ते काम कायम चालूच ठेवावं लागतं, कारण उकिरडा आहे तोवर उंदीर आहेत.

विषाबद्दल, जरा थांबून

बाजारात मिळणाऱ्या विषांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि ते एकसारखे नाहीत. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठण्याची क्रिया थांबवतात. उंदीर तीन ते दहा दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. माणसाच्या पोटात गेलं तर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड ही काळसर भुकटी पोटात जाऊन विषारी वायू तयार करते, उंदराला उलटी करता येत नाही म्हणून तो लवकर मरतो. तिला उतारा नाही.

तिसरा प्रकार ट्यूबमधून मिळणाऱ्या मलमाचा, ज्यात पिवळा फॉस्फरस असतो. पोळीला किंवा टोमॅटोला लावून ठेवतात तो हाच. त्यालाही उतारा नाही, आणि तो यकृत निकामी करतो. यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी की विष पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो, आणि त्यानंतर कावीळ होऊन प्रकृती ढासळते. मूल टूथपेस्ट समजून ही ट्यूब तोंडात घालू शकतं. असं घडल्याचा नुसता संशय जरी आला तरी मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नये. ट्यूब किंवा वेष्टन बरोबर घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात हे मलम असूच नये, असं माझं ठाम मत आहे.

विषाने मेलेला उंदीर बहुतेक वेळा हाताला लागत नाही. डक्टमध्ये, फॉल्स सीलिंगवर, ट्रॉलीमागे कुजतो. अर्धमेला होऊन बाहेर पडला तर मांजर, घार किंवा गव्हाणी घुबड त्याला खातं आणि तेही विष पोटात घेतं. गव्हाणी घुबड रोज रात्री उंदीरच खाऊन जगतं. त्याला आपण असं मारतो आहोत.

रोगांची भीती कितपत खरी?

महाराष्ट्राला उंदराची भीती वारशाने मिळाली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात. घरात उंदीर पडू लागले की माणसं वस्ती सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. प्लेगचे जंतू पसरतात ते उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे, आणि उंदीर मेला, गार पडला की पिसवा नवं ऊबदार अंग शोधतात. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा गाठीचा प्लेग दिसला. आदल्या वर्षीच्या किल्लारी भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत आणि साठवलेल्या धान्यावर उंदीर वाढल्याचं कारण तेव्हा सांगितलं गेलं. एकाएकी खूप उंदीर आपोआप मरून पडलेले दिसले तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचं, ते यासाठी.

आज रोजचा धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा आहे. उंदराच्या मुतातले हे जंतू ओलाव्यात टिकतात आणि पायावरच्या जखमेतून शिरतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईने तो मोठ्या प्रमाणावर पाहिला. थंडीत त्याचं प्रमाण कमी असतं, पण पाण्याच्या टाकीचं झाकण आणि उघडं अन्न यांना हिवाळ्याची सूट नाही.

एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक घरात होते : सुक्या लेंड्या झाडूने झाडणं. त्याने धूळ उडते आणि नाकातोंडात जाते. खिडक्या उघडाव्यात, हातमोजे घालावेत, लेंड्यांवर जंतुनाशक शिंपडून पाचेक मिनिटं भिजू द्यावं आणि ओल्या फडक्याने किंवा कागदाने उचलून पिशवीत बांधून टाकावं. ब्लीच वापरत असाल तर त्यात टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

मांजर, आवाजाचं यंत्र, डांबरगोळ्या

मांजर लहान उंदरांना धाक दाखवतं, पण मोठ्या उंदराच्या वाट्याला फारसं जात नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावले होते, २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. उंदरांनी भरलेल्या त्या जागेत मांजरांनी मोजून दोन उंदीर मारले. मांजर पाळावं ते मांजराच्या प्रेमापोटी.

प्लगमध्ये खोचायची आवाजाची यंत्रं माणसाला ऐकू न येणारा सूर काढतात. तो सूर भिंतीतून किंवा कपाटाच्या दारातून जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा अशी ताकीद दिली होती. डांबरगोळ्या आणि पुदिन्याच्या तेलाचा वास काही दिवस त्रास देत असेल, पण भुकेला उंदीर वासापायी घर सोडत नाही. डांबरगोळ्यांची वाफ मात्र लहान मुलांना बाधू शकते.

आत शिरलाय त्याचं काय?

पिंजरा किंवा चाप. खोलीच्या मधोमध ठेवून उपयोग नाही, भिंतीलगत, त्याच्या वाटेवर, तोंड वाटेकडे करून ठेवायचा. इथे दोघांच्या स्वभावातला फरक कामी येतो. लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो. दोन रात्रीत सापडला नाही तर पिंजऱ्याची जागा बदला. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजरा तीन-चार रात्री दार बांधून उघडा ठेवा, आत भजं किंवा सुकटीचा तुकडा ठेवून त्याला निवांत खाऊ द्या. सवय लागली की दार मोकळं करून खटका चढवा. लहान उंदराला शेंगदाण्याच्या कुटाची तूप घालून केलेली गोळी पुरते. एका पिंजऱ्याऐवजी चार लावले तर काम एका आठवड्यात संपतं.

चिकट पुठ्ठा आमच्या घरात मी बंद केला आहे. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास, कधी दोन दिवस, ओरडत कातडी सोलून घेतो. शिवाय पाली आणि चिमण्याही त्यात सापडतात. मारायचंच असेल तर चांगल्या स्प्रिंगचा चाप क्षणात मारतो. आणि मारायचंच नसेल, घरात गणपतीचं वाहन म्हणून आजी हात लावू देत नसतील, तर वाट बुजवण्याइतका अहिंसक उपाय दुसरा नाही. पिंजऱ्यातला उंदीर शेजारच्या गल्लीत सोडून येणं मात्र नको. आपली अडचण दुसऱ्याच्या दारात ठेवण्यासारखं आहे ते.

गाडीची वायर आणि सोसायटीचा डक्ट

रात्री आठला उभी केलेली गाडी बराच वेळ गरम असते. बॉनेटखाली ऊब, अंधार आणि चावायला वायरी. गाडी रोज एकाच जागी, झुडपांना किंवा कचऱ्याच्या डब्यांना लागून उभी करू नये. आठवडाभर हलली नसेल तर सुरू करण्याआधी बॉनेट उघडून चिंध्यांचं घरटं आहे का ते पाहावं. गाडीत राहिलेला बिस्किटाचा पुडा हे आमंत्रण आहे.

माझं भोक बुजवून झाल्यावर उंदीर वरच्या मजल्यावर गेला. ते होणारच होतं, कारण डक्ट सगळ्यांचा एक आहे. म्हणून आम्ही पाच घरांनी मिळून प्लंबर बोलावला आणि डक्टला लागून असलेली सगळी भोकं एकाच दिवशी तारेच्या घासण्या आणि सिमेंट घालून बंद करून घेतली. डक्टच्या तळाशी वर्षानुवर्षांचा कचरा साठला होता, तो उपसला. तळमजल्यावर चेंबरची दोन झाकणं फुटकी निघाली, ती सोसायटीने बदलली. पावसाळा संपला की, नवरात्रात घराची झाडलोट चालते त्याच आठवड्यात, आता एकजण टॉर्च आणि पेन्सिल घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत फेरी मारतो. यंदा त्या फेरीत तिसऱ्या मजल्यावर इंटरनेटच्या केबलशेजारी एक नवं भोक सापडलं. पेन्सिल आरपार गेली. संध्याकाळपर्यंत ते बुजवलं होतं.